गिझर बाहेर, पाणी आत!

थंडी सुरू झाली की गोंदियाची एक बातमी ठरलेली असते. विदर्भात सगळ्यात कमी तापमान गोंदियाचं. पारा सात-आठ अंशांवर आला की आपण ती बातमी अभिमानाने शेअर करतो, शेकोटीचे फोटो टाकतो, "आमचं गोंदिया म्हणजे काश्मीर" लिहितो. याच दिवसांत राज्यात कुठून ना कुठून दुसरी एक बातमी येते. ती चार ओळींची असते: बाथरूममध्ये अंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध आढळली, रुग्णालयात नेल्यावर मृत घोषित केलं, गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याचा अंदाज, पोलिसांनी मर्ग दाखल केला. संपली बातमी.

हा मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. आज माझं भांडण त्या "अकस्मात" शब्दाशी आहे. बंद खोलीत, माणसाच्या डोक्याजवळ, धूर बाहेर जायला वाट नसलेली भट्टी टांगायची, रोज पेटवायची, आणि एक दिवस माणूस मेला की त्याला अकस्मात म्हणायचं? यात अकस्मात काय आहे मायबाप? ज्या दिवशी ती भट्टी त्या भिंतीवर बसली, त्याच दिवशी मृत्यूची सोय झाली होती. तारीख तेवढी ठरायची राहिली होती.

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी गॅस गिझर आहे किंवा या हिवाळ्यात घ्यायचा विचार आहे, त्यांनी पूर्ण वाचा.

आधी एक गैरसमज काढू

बातम्यांत सर्रास लिहिलं जातं, "गॅस गळतीमुळे मृत्यू." बहुतेक वेळा हे चूक असतं, आणि ही चूक जीवघेणी आहे. कारण वाचणारा म्हणतो, "आपला पाइप तर नवा आहे, रेग्युलेटर चांगला आहे, गळती झाली तर वास येईलच की."

वास येत नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण गॅस जळला की तो वासही जळतो. माणूस मरतो तो न जळलेल्या गॅसने नाही, अर्धवट जळलेल्या गॅसने. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्तात ऑक्सिजन चढत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायला हात उचलावा म्हटलं तर हात उचलत नाही.

आपल्या आजी-आयांना हे माहीत होतं. त्यांना कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हतं, पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की दार किलकिलं ठेवायचं हे त्या बजावून सांगत. "शेगडी घेऊन दार लावून झोपू नको, सकाळी उठणार नाही." ही समज खेड्यापाड्यांत होती. मग गॅस गिझर काय आहे? गॅस गिझर म्हणजे भिंतीला टांगलेली शेगडी. वर पांढरा पत्रा, पुढे काचेची खिडकी, खाली दोन बटणं. दिसायला मशीन, आत शेगडी. आणि ती आपण घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, आतून कडी लावून, दहा-पंधरा मिनिटं पेटती ठेवतो.

थोडा हिशोब

भावनेवर जाऊ नका, हिशोब करा.

बाजारात सर्वाधिक खपतो तो सहा लिटरचा गॅस गिझर. सहा लिटर म्हणजे टाकी नव्हे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवतो तो. यात पाणी साठत नाही, नळ सोडला की ज्योत पेटते आणि वाहतं पाणी तापतं. थंडीत पंधरा अंशाचं पाणी चाळीस अंशावर न्यायचं तर या वेगाने दहा किलोवॅटच्या वर उष्णता लागते. तेवढी आच घरातल्या स्वयंपाकाच्या शेगडीच्या सगळ्या बर्नरची मिळूनही सहसा होत नाही. पूर्ण ज्योतीवर हा गिझर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते.

आता आपलं बाथरूम मोजा. पाच बाय पाच, उंची आठ फूट. झाले दोनशे घनफूट, म्हणजे पावणेसहा घनमीटरही नाही. नुसत्या दहा मिनिटांत हा गिझर त्या खोलीतल्या हवेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी हवा मागतो. एकामागून एक दोघांनी अंघोळ केली की दोन हिस्से. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, बरोबर. पण थंडीत आपण काय करतो? फटीला पायपुसणं लावतो. खिडकीच्या जाळीवर पुठ्ठा ठोकतो. गार वारा येऊ नये म्हणून. म्हणजे ज्या महिन्यांत गिझर सर्वाधिक वेळ चालतो, त्याच महिन्यांत आपण हवेची वाट बुजवतो.

हवेतला ऑक्सिजन संपूर्ण संपायची गरज नसते. एकवीस टक्क्यांचा दोन-तीन टक्के कमी झाला तरी ज्योत बिघडते आणि विषारी वायू वाढायला लागतो. निळी ज्योत पिवळी होते. पण अंगाला साबण लावलेला माणूस ज्योतीचा रंग बघत बसतो का?

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही

जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. पुढे तिचा मृत्यू झाला. ८ मार्च २०२३, होळीचे दिवस. घाटकोपरमध्ये रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळ मुरादनगरलाही रंग खेळून आलेलं एक जोडपं असंच गेलं. दोन राज्यं, दोन घरं, एक दिवस, संशय एकाच वस्तूवर. दुसऱ्या दिवशी पेपरांत काय आलं? "दुर्दैवी."

आणि ही मेलेल्यांची गोष्ट झाली. जे वाचतात त्यांचं काय? आपल्या देशातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत "गॅस गिझर सिंड्रोम" या नावाने रुग्णांच्या नोंदी छापल्या आहेत. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडणं, झटके येणं, नंतर विसरभोळेपणा. झटका आला की घरचे काय समजतात? मिरगी. मग मिरगीच्या गोळ्या सुरू. कोणी म्हणतो बीपी, कोणी म्हणतो अशक्तपणा, कोणी बाहेरचं काही झालं म्हणून उतरवायला नेतो. पेशंट बरा होऊन घरी येतो आणि परत त्याच बाथरूममध्ये, त्याच गिझरखाली उभा राहतो.

म्हणून डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती. हिवाळ्यात बाथरूममध्ये पडलेला पेशंट आला तर एक प्रश्न विचारा, "घरी गिझर कोणता? आत आहे की बाहेर?" आणि एक लक्षात असू द्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यातला फरक ओळखत नाही. आकडा अठ्ठ्याण्णव दाखवेल आणि माणूस जात असेल.

जबाबदार कोण? टोलवाटोलवीचा खेळ

कुडव्यात गेल्या काही वर्षांत घरं किती वाढली ते वेगळं सांगायला नको. गोंदिया शहराला लागून गाव. प्लॉट पडले, बँकेच्या कर्जावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, कोपऱ्यात संडास-बाथरूम. तीन बाजूंनी शेजाऱ्याची भिंत. बाथरूमची खिडकी एक तर नाही, असली तर वीतभर आणि ती जिन्याखाली उघडते. चुलीवर गंज ठेवून पाणी तापवायचे दिवस गेले, अंगणच उरलं नाही तर चूल कुठे मांडणार? गॅस गिझर अशाच घरांत जातो, कारण तो स्वस्त आहे, विजेच्या लपंडावात चालतो आणि बादली तीन-चार मिनिटांत भरतो.

घरी बसवायचा म्हणून मी यंदा गिझरच्या चौकशीला निघालो. दुकानांची नावं घेत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाहीच. तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे मला विचारलेले प्रश्न असे: किती लिटरचा, कोणत्या बजेटचा, कोणता रंग. एकानेही विचारलं नाही की बाथरूम केवढं, खिडकी आहे का, गिझर लावणार कुठे. शेवटच्या दुकानात मीच विचारलं, "भाऊ, हा बाहेर लावायचा असतो ना?" उत्तर आलं, "काहून बापा? सगळे आतच लावतात. एवढे विकले, काही नाही झालं." वॉरंटी किती, तर दोन वर्षं. वॉरंटी कशाची? गिझरची. माणसाची नाही.

पुढची साखळी बघा.

दुकानदार म्हणतो, मी डबा विकला, बसवला प्लंबरने. प्लंबर म्हणतो, मालकाने जिथे सांगितलं तिथे खिळे ठोकले. मालक म्हणतो, मला काय माहीत, डब्यावर तसं मोठ्या अक्षरात कुठे होतं? डब्यातलं पुस्तक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि ते पुस्तक प्लंबर डब्यासकट कोपऱ्यात फेकतो. गॅस एजन्सी म्हणते, आमचा संबंध सिलिंडर आणि रेग्युलेटरशी. दर पाच वर्षांनी तपासणी करायची असते, पण तपासायला आलेला माणूस स्वयंपाकघरात शेगडी आणि नळी बघून सही घेतो. बाथरूमकडे जाणारी दुसरी नळी कोण बघतो? ग्रामपंचायत म्हणते, आम्ही घरटॅक्स घेतो, बाथरूममध्ये डोकवायचं का? पोलीस म्हणतात, घातपात दिसत नाही.

प्रत्येकाचं बोलणं आपापल्या जागी बरोबर वाटतं ना? हीच गंमत आहे. सगळे बरोबर, आणि माणूस मेलेला.

तुलना करून बघा. विजेचं नवं मीटर घ्यायचं असेल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यातही पळवाटा आहेत, मान्य, पण निदान कागदावर एका माणसाचं नाव असतं. दहा-बारा किलोवॅटची उघडी ज्योत बंद खोलीत बसवायला मात्र कोणाचा परवाना बघितला जात नाही, कोणाची सही लागत नाही. ड्रिल मशीन आहे? झाला तो गिझर मेकॅनिक.

विम्याची मेख

आता ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सरकारी तेल कंपन्यांनी एलपीजी ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो. मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख रुपये. वेगळा हप्ता भरावा लागत नाही. ऐकायला छान. पण सरकारने संसदेत या विम्याची जी माहिती दिली आहे, तिचा गाभा असा आहे की एलपीजी हे आगीचं मुख्य कारण असलेल्या अपघातांना हे संरक्षण आहे.

आगीचं. बाथरूममध्ये गुदमरलेल्या माणसाच्या घरात आग लागलेलीच नसते. भिंत काळी झालेली नसते, पडदा जळालेला नसतो, सिलिंडर जागेवर शाबूत असतो. मग त्या घरच्यांनी कोणत्या खिडकीवर जायचं? आपल्या खासदारांनी आणि पेट्रोलियम मंत्रालयाने याचं सरळ उत्तर द्यावं: गॅस जळून तयार झालेल्या विषारी वायूने मेलेला माणूस तुमच्या विम्यात बसतो की नाही? बसत असेल तर तसं स्पष्ट लिहा. बसत नसेल तर बसवा.

जपानने काय केलं

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात वर्षाला काही मृत्यू होणारच, कोण मोजणार? जपानमध्येही आधी कोणी मोजत नव्हतं. तिथे पालोमा नावाच्या मोठ्या कंपनीचे असेच झटपट पाणी तापवणारे गॅस गिझर घरोघरी होते. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत त्यातल्या काही मॉडेलमुळे कार्बन मोनॉक्साइडने २१ माणसं मेली. आज एक इथे, तीन वर्षांनी एक तिथे. प्रत्येक मृत्यू वेगळा, प्रत्येक फाइल वेगळी. टोकियोत १९९६ साली मेलेल्या एका तरुणाच्या आईवडिलांनी पिच्छा पुरवला तेव्हा पोलिसांनी ती जुनी फाइल पुन्हा उघडली, आणि जुलै २००६ मध्ये सरकारने सगळे अपघात एका यादीत मांडले. तेव्हा कळलं की दुरुस्ती करणाऱ्यांनी सुरक्षा यंत्रणेची वायर परस्पर जोडून टाकली होती, त्यामुळे धूर बाहेर फेकणारा पंखा बंद असतानाही गिझर पेटत होता. कंपनी आधी म्हणत होती, हे बाहेरच्या लोकांनी केलेले बदल आहेत, आमचा काय दोष. २०१० मध्ये न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षाला दोषी धरलं. लोकांना धोका माहीत असूनही वेळेवर सावध केलं नाही, हा दोष. आणि कायदा बदलला: वस्तूमुळे गंभीर अपघात झाला की उत्पादकाने तो सरकारला कळवलाच पाहिजे.

इंग्लंडमध्ये तर नोंदणीकृत गॅस इंजिनिअरशिवाय कोणी गॅसचं उपकरण बसवूच शकत नाही, आणि बाथरूममधली हवा घेऊन जळणारं उपकरण तिथे बसवायला नियमानेच बंदी आहे. आपल्याकडे एलपीजी गिझरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५५५८. मानक आहे म्हणजे ती वस्तू कशी असावी हे लिहिलेलं आहे. पण ती वस्तू तुमच्या घरी कोण बसवतो, कुठे बसवतो, हे बघायला तुमच्या दारात कोण येतो? चांगला गिझर चुकीच्या जागी लावला तर तोही मारतो.

"गरिबाने मग काय करावं?"

हा प्रश्न खरा आहे आणि याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. अनेक जण लगेच सल्ला देतात, "विजेचा घ्या ना." हिशोब करा.

वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरा, बादली सहा रुपये. गॅसवर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा सव्वादोनशे ते अडीचशे बादल्या होतात. सिलिंडर नऊशे रुपये धरला तर बादली पावणेचार रुपये. चार माणसांच्या घरात रोजचा फरक नऊ रुपये, तीन महिन्यांच्या थंडीत आठशेच्या वर. शिवाय गिझरमुळे महिन्याचं वीजबिल शंभर युनिटची पायरी ओलांडतं आणि वरच्या युनिटला चढा दर लागतो. ज्याचं घर रोजीवर चालतं त्याला हा फरक लहान नाही. त्याला "जिवापेक्षा पैसा मोठा का" असं म्हणून हिणवू नका.

वेगाचंही बघा. तीन किलोवॅटचा इन्स्टंट विजेचा गिझर आपल्या थंडीत मिनिटाला पावणेदोन लिटरच कोमट पाणी देतो. बादली भरायला अकरा मिनिटं. शाळेत जाणारी तीन मुलं असलेल्या घरात सकाळी हे कोणाला परवडेल? त्यात तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर. जुन्या घरातली बारीक वायर, टीव्हीचा सॉकेट आणि नावापुरतं अर्थिंग यावर तो लावला तर गुदमरण्याऐवजी शॉकने मरायची सोय. विजेचा घ्यायचाच तर आयएसआय चिन्ह बघा, त्यासाठी ते सक्तीचं आहे. बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट, खरं अर्थिंग आणि गळती प्रवाह तोडणारा ब्रेकर लावा. वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो, तो आधी वाचा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.

म्हणून माझं म्हणणं "गॅस गिझर बंद करा" असं नाहीच. माझं म्हणणं चार शब्दांचं आहे: गिझर बाहेर, पाणी आत.

गिझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत लावा. भिंतीला एक भोक पाडा, गरम पाण्याचा पाइप आत घ्या. नळ आत सोडला की गिझर बाहेर पेटतो. धूर बाहेर, माणूस आत. जपानमध्ये गॅसचे गिझर बहुतेक असेच घराबाहेर लावतात. जास्तीचा खर्च काय? थोडा पाइप, एक भोक, वर पावसापासून पत्र्याची छपरी.

यावर लोकांचे आक्षेप मी ऐकले आहेत. "बाहेर चोरी होईल." जाळीचा पिंजरा करून कुलूप लावा. "वाऱ्याने विझेल." वाऱ्याच्या आडोशाला लावा, आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलाच गिझर घ्या. "पाइपमधलं पाणी आधी गार येतं." एक तांब्या गार पाणी बाजूला काढा. "आम्ही आत एक्झॉस्ट फॅन लावला आहे." फॅन हवा बाहेर काढेल, पण आत यायला वाट नसेल तर तो तरी काय करणार? आणि ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी फॅन बंद, गिझर मात्र सेलवर चालू.

मागण्या

नुसता संताप करून भागत नाही. कोणी काय करायचं ते नावानिशी लिहितो.

१. दुकानदार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचा. त्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचं पूर्ण प्रकरण आहे. "उत्पादन विक्रेता" या व्याख्येत विकणाऱ्याबरोबर बसवणाराही येतो, दुरुस्ती करणाराही येतो. "मी फक्त डबा विकला" ही ढाल वाटते तेवढी जाड नाही. बिलावर मराठीत शिक्का मारा: "बाथरूमच्या आत लावू नये." आणि कोणी बसवला त्याचं नाव लिहा.

२. गॅस एजन्सी. तपासणीच्या फॉर्मवर सही घेण्याआधी दुसरी नळी कुठे जाते ते बघा. गिझर आत दिसला तर लेखी ताकीद द्या.

३. ग्रामपंचायत. कुडव्याच्या ग्रामसभेत येत्या २६ जानेवारीला हा विषय घ्या. दोन ओळींचा ठराव पुरे: घरटॅक्सच्या पाहणीत बाथरूमची खिडकी आणि गिझरची जागा नोंदवायची, आणि आशाताईंमार्फत घरोघरी माहिती द्यायची. शेजारच्या गावांनीही घ्यावा, नगर परिषदेने तर आधी घ्यावा.

४. पोलीस आणि आरोग्य विभाग. बाथरूममधल्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूत रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करा. पंचनाम्यात लिहा: गिझर कोणत्या कंपनीचा, कोणी बसवला, खिडकी होती का. जिल्ह्याची वर्षाची यादी जाहीर करा. जपानमध्ये सगळी गोष्ट यादीपासून सुरू झाली.

५. पत्रकार बांधव. "गळती" लिहिणं थांबवू. "गिझर बाथरूमच्या आत होता" हे एक वाक्य प्रत्येक बातमीत टाकू. त्या एका वाक्याने एखादं घर वाचेल.

आणि तुम्ही, आजच

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर ज्यांच्या घरी गिझर आत आहे त्यांनी एवढं करा. तो बाहेर हलवेपर्यंत बादली आधी भरा, गिझर बंद करा, दार उघडून दोन-चार मिनिटं हवा खेळू द्या, मग अंघोळीला जा. गिझर चालू ठेवून शॉवरखाली उभं राहायचं नाही. खिडकीवरचा पुठ्ठा आजच काढा. एकामागून एक अंघोळी करू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांना बाथरूममध्ये आतून कडी लावू देऊ नका. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गिझर वापरणं थांबवा. डोकं जड झालं, मळमळलं तर लाजू नका, अंगावर जे असेल ते घेऊन बाहेर या. कोणी आत पडलेलं दिसलं तर आधी दार-खिडकी उघडा, गिझर बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. स्वतः आत रेंगाळू नका. गॅसच्या तक्रारीसाठी १९०६, ग्राहक म्हणून दाद मागायला १९१५, आणि त्यापुढे गोंदियाचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, दुःखात ती निघून जाऊ देऊ नका.

कॉमेंटमध्ये "आमच्याकडे दहा वर्षं झाली, काही नाही झालं" असं लिहिणारे येतील. त्यांना एवढंच विचारतो: ज्यांच्याकडे झालं, त्यांच्याकडेही आदल्या दिवसापर्यंत काहीच झालं नव्हतं, नाही का?

आपल्या सरपंचांना, गॅस एजन्सीला आणि ओळखीच्या प्लंबरला ही पोस्ट टॅग करा. प्लंबरला तर नक्कीच. भिंतीवर खुणा करताना "भाऊ, हा इथे नाही, बाहेर लावू" असं म्हणायची ताकद आज तरी फक्त त्याच्याच हातात आहे. तो म्हणत नसेल तर तुम्ही म्हणा, आणि ड्रिल बाहेरच्या भिंतीला लागेपर्यंत तिथून हलू नका.